दीड मीटरची घसरगुंडी

रविवारी सकाळी दहा वाजता, इमारतीच्या अंगणात, सगळ्यांसमोर माफी मागायची असं ठरलं. ठरवायला आजोबा होते, खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, आणि आईही होती. दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीनंतर आईच्या अंगात त्राण उरत नसे आणि तिला ही कटकट लवकर मिटायला हवी होती. जिने माफी मागायची तिला मात्र कोणी बोलावलं नव्हतं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

तिला घरात 'वकील' म्हणत. चार वर्षांची असताना दूध का प्यायचं नाही याची सहा कारणं तिने बोटांवर मोजून दाखवली होती, तेव्हापासून ते नाव तिला चिकटलं. आता ती नववीत होती आणि कारणं मोजायला बोटं पुरत नव्हती. पण या वेळी आरोप वकिलावरच होता, आणि ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

झालं होतं ते असं. मंगळवारी शाळा सुटल्यावर अंगणातल्या नव्या घसरगुंडीवरून भिंगरी खाली आली. भिंगरी म्हणजे काकूंची सहा वर्षांची मुलगी. दोन मिनिटं एका जागी बसली तर हिला ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून बघावं, अशी. ती घसरगुंडीवरून सुटली ती थांबलीच नाही. खालच्या सपाट भागावरून थेट हवेत गेली, वाळूच्या खड्ड्यापलीकडच्या सिमेंटच्या कठड्यावर आपटली आणि मनगट मोडून बसली. त्या वेळी वर, शिडीच्या टोकाशी, वकील उभी होती. लहान मुलांची रेटारेटी होऊ नये म्हणून एकेकाला सोडायचं काम आजोबांनीच तिला नेमून दिलं होतं.

सगळे धावले. काकूंनी भिंगरीला उचललं आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणी ढकललं तुला?" पोरगी कळवळत होती. तिने वर पाहिलं. वर एकच माणूस होतं. तिने चांगला हात उचलून बोट दाखवलं आणि खटल्याचा निकाल तिथल्या तिथे लागला.

"मी ढकललं नाही," वकील म्हणाली. त्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, जेवताना म्हणाली, जिन्यात म्हणाली. ऐकणारे मान हलवत आणि आपल्या कामाला लागत.

इतरांचं एक वेळ ठीक होतं. पण आजोबा? आजोबांच्या तोंडून निघालेलं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. "माझ्या घसरगुंडीवरून पोर एवढ्या जोरात येऊच शकत नाही. ढकललंच असणार."

घसरगुंडी त्यांची होती हे खरं. चाळीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं. जिने, फाटकं, पाण्याच्या टाक्या, जे सांगाल ते. काम सोडल्यावर चार महिने घरात बसून त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं, मग इमारतीतल्या पोरांसाठी घसरगुंडी करायला घेतली आणि घराला शांतता लाभली. पाइपपासून पत्र्यापर्यंत सगळं त्यांनी स्वतः केलं. पोरांच्या चड्ड्या फाटू नयेत म्हणून पत्र्याला असा बफ मारला की त्यात तोंड बघून भांग पाडावा. उताराच्या खाली त्यांनी एक लांब सपाट भाग काढला होता. त्याला ते 'जीभ' म्हणत. वरून आलेलं पोर या जिभेवर हळू होतं आणि थांबतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने समजावत.

"मी स्वतः बसून बघितलंय," बुधवारी ते आईला सांगत होते. "ब्याऐंशी किलोचा माणूस मी. मी जिभेवर अलगद थांबलो. आणि ही एकोणीस किलोची चिमुरडी उडून जाते? जडापेक्षा हलकं जोरात येतं, असं कुठं बघितलंयस?"

असं आईने कुठे बघितलं नव्हतं. वकील दाराआडून बाहेर आली.

"आजोबा, मी ढकललं नाही."

"का ढकललंस ते सांग," आजोबा म्हणाले. "चेष्टेत ढकललंस, चिडून ढकललंस, काय ते सांग. पोरं चुकतात. खोटं बोलू नकोस एवढंच."

आजोबा तिच्याकडे बघत नव्हते, हातातला चष्मा पुसत होते, आणि तो आधीच स्वच्छ होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघितला. भिंगरी वर बसली तेव्हा हा हात तिच्या खांद्यावर होता. मग तो उचलला. उचलला तेव्हा जरासा रेटा बसला असेल का? दोन दिवस सगळं घर एकच गोष्ट सांगत राहिलं की माणसाला आपल्या हाताचीही शंका यायला लागते. तिला त्या शंकेचा भयंकर राग आला. माफी मागायची असेल तर मागू, तिने मनाशी ठरवलं, पण आधी कळलं पाहिजे. आणि रविवारच्या आत कळलं पाहिजे.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिने विज्ञानाच्या बाईंना गाठलं. बाई वह्यांच्या गठ्ठ्यामागे अर्ध्या बुडालेल्या होत्या.

"बाई, घसरगुंडीवरून जड माणूस जोरात येतो की हलका?"

"परीक्षेत येणार नाहीये हे," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"माझ्या घरी आलंय."

तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मग एक जाड पुस्तक तिरकं धरून त्यावरून खोडरबर सोडलं. ते टेबलावर थोडं घसरून थांबलं.

"वर होतं तेव्हा त्याच्याकडे काय होतं?"

"उंची. म्हणजे स्थितिज ऊर्जा."

"थांबल्यावर?"

"काहीच नाही."

"ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुला मी दोन महिने घसा फोडून शिकवतेय. मग गेली कुठं?"

"घर्षणाने खाल्ली," वकील म्हणाली. "उष्णता झाली."

"मग किती अंतर जाताना खाल्ली ते मोज. जड माणसाकडे वर ऊर्जा जास्त असते, पण तो पत्र्यावर दाबतोही तेवढाच जास्त, म्हणजे घर्षणही त्याला तेवढंच जास्त खातं. दोन्हीकडे वजन आहे. समीकरणात काय होईल त्याचं?"

वकिलाने वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. वजन दोन्हीकडून उडून गेलं. मागे राहिली फक्त उंची, अंतर आणि घर्षणाचा एक आकडा. उंचीला अंतराने भागायचं की तो आकडा हातात. घड्याळ नको, तराजू नको. एक टेप पुरे.

"अंतर मोजताना उताराची लांबी धरायची नाही," बाईंनी बजावलं. "उतारावर वस्तू पत्र्याला कमी दाबते, पण वाटही लांब पडते. दोन्ही मिळून हिशोब बरोबर जमिनीवरच्या अंतराएवढाच होतो. वरून ओळंबा सोड, तो टेकेल तिथून पुढे मोज. आणि सपाट भागही त्याच पत्र्याचा पाहिजे. आणि ती वस्तू थांबली पाहिजे. हवेत उडून गेली तर घर्षणाने किती खाल्लं, तुला कसं कळणार?" बाईंनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "आणि हे बघ, उत्तर तुला हवं तेच येईल असं नाही."

"माहीत आहे," वकील म्हणाली, आणि ते तिला खरोखर माहीत होतं. वाळूची पिशवी वरून सोडली आणि ती जिभेवर अलगद थांबली तर आजोबा बरोबर ठरणार होते आणि तिला आपल्याच हाताकडे नव्याने बघावं लागणार होतं.

संध्याकाळी ती टेप आणि ओळंबा घेऊन अंगणात उतरली. घसरगुंडीला दोरी बांधून ती बंद ठेवली होती. वरच्या बैठकीपासून जिभेच्या पातळीपर्यंत उंची भरली दीड मीटर. ओळंब्याच्या टोकापासून उतार संपेपर्यंत दोन मीटर चाळीस, आणि पुढे जीभ एक मीटर वीस. सगळं मिळून तीन मीटर साठ. जो कोणी एवढ्या अंतरात थांबणार नाही तो जिभेवरून उडणार. अडचण तिथेच होती. उडणाऱ्याला थांबवायला जीभ लांब करायला हवी होती, आणि त्या पत्र्याचे उरलेले दोन मोठे तुकडे आजोबांच्या कामाच्या खोलीत, आजोबांच्या कुलपात होते.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर ती त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आजोबा कुठलंसं बिजागर घासत होते.

"आजोबा, मला ते उरलेले दोन पत्रे हवेत. आणि खाली टेकू द्यायला घोड्या. जीभ लांब करून बघायचीय."

आजोबांची कानस थांबली. "कशाला?"

"पिशवीत वाळू भरून वरून सोडणार आहे. कुठं थांबते ते मोजणार."

"म्हणजे माझं काम तपासणार तू."

"हो," ती म्हणाली. गोड बोलून काम साधून घ्यायची कला तिला कधी जमलीच नव्हती.

आजोबांचा चेहरा लाल झाला. आता हाकलतात, असं तिला वाटलं. पण चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला टेप लावायला नाही म्हटलं नव्हतं. मोजायला घाबरतो तो कारागीर नव्हे, असं ते नेहमी दुसऱ्यांना सुनावत आणि आता ते त्यांना स्वतःला अडचणीचं झालं होतं. ते उठले, कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं आणि दोन्ही पत्रे भिंतीला उभे केले.

"घेऊन जा. मी मदत करणार नाही."

तिने एक पत्रा कसाबसा दारापर्यंत ओढला. तो दारात अडकला, खणखणला, तिच्या पायावर पडता पडता राहिला. आजोबा पाठ करून बिजागर घासत राहिले. तिने दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कानस पुन्हा थांबली.

"हे पत्रे असे चालणार नाहीत," ते पाठमोरेच म्हणाले.

"का?"

"कारखान्यातून आलेत तसेच आहेत. बफ मारलेला नाही. घसरगुंडी गुळगुळीत, हे खरखरीत. तुझी पिशवी यांच्यावर लवकर थांबेल आणि आकडा चुकेल."

वकील त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. लवकर थांबणं त्यांच्या फायद्याचं होतं. ते गप्प बसले असते तर तिला कधी कळलंही नसतं.

"मग काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? बफ मारायचा," आजोबा खेकसले. "उद्या सकाळी. आणि ते आधी खाली ठेव, कोपऱ्याला पोचा येईल."

शनिवारी सकाळपासून ग्राइंडरचा आवाज सगळ्या इमारतीने सोसला. दोन वेळा वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, दोन्ही वेळा आजोबांना ती ऐकू आली नाही. दुपारपर्यंत पत्र्यांत छताचा पंखा दिसायला लागला. मग मदत न करणाऱ्या आजोबांनी घोड्या मांडल्या, त्यांवर फळ्या टाकल्या, पत्रे ठेवले, पाणसळ लावून लावून ते जिभेच्या पातळीत आणले आणि सांध्यावरून बोट फिरवून बघितलं. बोट अडखळलं तेव्हा सगळं उचलून पुन्हा मांडलं. वकिलाने मध्ये हात घातला की म्हणत, "सरक, तुला जमायचं नाही." चार दिवसांत ते तिच्याशी एवढं बोलले नव्हते.

पिशवीचा प्रश्न तिने आधीच सोडवला होता. मंगळवारी भिंगरीच्या अंगावर शाळेची खेळाची पँट होती, निळी, सुळसुळीत, हातात धरली तरी निसटणारी. वकिलाची तशीच जुनी पँट कपाटात होती. तिने पँटीचे पाय दोरीने बांधले, आत पिशव्यांतून वाळू भरली आणि वजनकाट्यावर बरोबर एकोणीस किलो करून कंबर शिवून टाकली. अंगणात ती पँट नुसती ठेवली तरी कोणीतरी बसलंय असं वाटे. भिंगरी गळ्यात हात अडकवून आईबरोबर खाली आली होती. तिने त्या पँटीभोवती एक फेरी मारली.

"याचं डोकं कुठंय?"

"घरी विसरलाय," वकील म्हणाली.

भिंगरी हसली, आणि काकूंनी तिला मागे ओढून घेतलं. त्या क्षणी वकिलाच्या जिभेवर प्रश्न आला होता. भिंगरे, मी ढकललं का गं तुला? पोर 'नाही' म्हणालं असतं. एवढ्या लाडीगोडीने कोणी विचारलं तर सहा वर्षांचं पोर हवं ते उत्तर देतं, आणि मंगळवारीही त्याने तेच केलं होतं. तिने प्रश्न गिळला आणि शिडी चढली.

वाळूची पँट तिने वर ठेवली, मध्यावर खडूची खूण केली. मग दोन्ही हात मागे बांधले आणि पँटीसमोर लावलेली आडकाठी फक्त पायाने सरकवली. हात लावायचाच नाही, असं तिने ठरवलं होतं.

पँट सुटली. उतार संपला, जीभ आली, जीभ गेली. पँट थांबायचं नाव घेईना. नव्या पत्र्यांवरून सरसरत ती कठड्याच्या वरून पलीकडे गेली, आणखी पुढे गेली, हळू झाली, आणि एका बाजूला किंचित वळून थांबली.

टेप आजोबांनीच धरला. "सात मीटर बेचाळीस."

दुसऱ्यांदा सात अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा सात एकोणपन्नास. तिने वहीत लिहिलं. साधारण साडेसात मीटर. दीड भागिले साडेसात, शून्य पूर्णांक दोन. आजोबांची जीभ साडेतीन मीटरच्या जरा पुढे संपत होती. तिथे पोचेपर्यंत घर्षणाने दीड मीटरपैकी जेमतेम बहात्तर सेंटिमीटर उंची खाल्लेली असे. उरलेल्या अठ्ठ्याहत्तराचा सगळा वेग घेऊन पोर हवेत जाणार होतं.

"वजन कमी करून बघ," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता, पण हट्ट जागेवर होता.

तिने कंबर उसवून नऊ किलो वाळू काढली. दहा किलोची पँट सात त्रेपन्नला थांबली. तिने पुन्हा वाळू भरली, वर आणखी पाच किलोची पिशवी बांधली. सात पंचेचाळीस. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. वजनाचं काही चालत नव्हतं. जड असो, हलकं असो, सगळे त्याच वीतभर जागेत येऊन थांबत होते.

"मग मी का थांबलो?" आजोबांनी विचारलं. या वेळी ते वाद घालत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "माझ्याच जिभेवर मी थांबलो होतो. ही गोष्ट खोटी नाही."

"खोटी नाही," वकील म्हणाली. ती पत्र्याच्या कडेला बसली आणि विचार करू लागली. उंची तीच, पत्रा तोच, वजनाचा संबंध नाही. मग आकडा बदलायला एकच जागा उरत होती. "आजोबा, त्या दिवशी तुम्ही काय घातलं होतं?"

"काय घालणार, कामाचे कपडे. शेवटचा टाका मारला आणि लगेच वर चढून..." ते बोलता बोलता थांबले. त्यांचा हात आपोआप मांडीवर गेला, जिथे काम करताना चामड्याचा जाड एप्रन असतो. ठिणग्यांनी भोकं पडलेला, मागे पाठीपर्यंत गुंडाळणारा. चाळीस वर्षं तो अंगावर असे, आणि अंगावर आहे हे त्यांना कळतही नसे. एप्रन न सोडताच ते चहालाही बसत आणि बाकडं मळवलं म्हणून बोलणी खात.

एप्रन त्यांनी स्वतः जाऊन आणला. वाळूच्या पँटीला तो गुंडाळून स्वतः दोरी आवळली. या वेळी आडकाठीही त्यांनीच सरकवली. पँट उतारावरून रेंगाळत आली, जिभेवर चढली आणि जिभेचं टोक वीतभर लांब असतानाच शहाण्यासारखी थांबली. तीन मीटर तेहतीस. वकिलाने भागाकार केला आणि शून्य पूर्णांक पंचेचाळीस हा आकडा वहीत लिहिला, पण मोठ्याने वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

आजोबा शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. हातात एप्रनची दोरी होती, ती ते बोटाभोवती गुंडाळत होते. "पोरांना लागू नये म्हणून मी तो पत्रा आरशासारखा केला," ते म्हणाले. "आणि बसून बघितलं ते कातडं नेसून."

वकिलाला वाटलं होतं, आकडा आपल्या बाजूने आला की आनंद होईल. आजोबांची ती वाकलेली पाठ बघून तिला आनंद झाला नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा सगळा खटाटोप अर्धवट राहिला असता.

"आजोबा, यावरून मी ढकललं नाही हे सिद्ध होत नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

"ढकलायची गरज नव्हती, एवढंच सिद्ध होतं. न ढकलताही ती कठड्यावर पडलीच असती. पण ढकललं असतं तरी पडलीच असती. माझा हात होता की नव्हता, ते टेप सांगू शकत नाही."

आजोबांनी बोटावरची दोरी सोडवली. मग उठले आणि पत्रे आवरायला लागले. तीही लागली. रात्री सगळे जेवायला बसले. आई एकदा वकिलाकडे आणि एकदा आपल्या वडिलांकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "उद्याचं मग काय?" आणि आजोबा म्हणाले, "उद्या दहा वाजता. ठरलंय तसं."

रविवारी दहाला अंगणात पंधरावीस माणसं जमली होती. काही माफी ऐकायला आली होती, काही आदल्या दिवशीच्या ग्राइंडरबद्दल तक्रार करायला. काकू भिंगरीला पुढ्यात घेऊन उभ्या होत्या. वकील अंगणाच्या मध्यभागी आली. माफी मागणार नाही, हे तिने ठरवलं होतं. काय मोजलं ते सांगायचं आणि वही पुढे करायची. तळहातांना घाम फुटला होता आणि वही दमट झाली होती. तिने तोंड उघडलं.

"थांब," आजोबा म्हणाले, आणि तिच्या पुढे येऊन उभे राहिले.

"घसरगुंडी मी केली," ते म्हणाले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ते कठड्याकडे बघून बोलत होते. "ती चुकीची झालीय. पत्रा फार गुळगुळीत आणि जीभ तोकडी. काल मोजून बघितलं. कोणीही न ढकलता त्या पँटीतलं पोर कठड्यापर्यंत जातं. उद्यापासून मी ती उतरवतोय. उंची कमी करून जीभ वाढवीन, मोजून दाखवीन, आणि मगच पोरं बसतील. भिंगरीचा हात माझ्यामुळे मोडला. माफी मी मागतो."

काकूंनी भिंगरीच्या खांद्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. त्यांचा राग पाच दिवसांचा होता आणि तो असा एका भाषणात उतरणार नव्हता.

"ते सगळं खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण हिनं ढकललं की नाही?"

वकिलाने मान खाली घातली. हे येणार हे तिला माहीत होतं. वहीत याचं उत्तर नव्हतं.

आजोबा वळले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "मी हिला का ढकललंस विचारलं," ते काकूंना म्हणाले, पण नजर तिच्यावरच होती. "आईनं विचारलं, माफी मागतेस ना. तुम्ही पोरीला विचारलंत, कोणी ढकललं. जे विचारायचं ते कोणी विचारलंच नाही. आता मी विचारतो, आणि ही जे सांगेल ते माझ्यासाठी शेवटचं." त्यांनी घसा साफ केला. "बाळा, तू ढकललंस का?"

तिने हाताकडे बघितलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," आजोबा म्हणाले, आणि काकूंकडे वळले. "नाही म्हणतेय. तिनं ढकललेलं नाही."